कोरडा ब्रश

माझा आवाज मोठा आहे. माझा वर्ग शेवटच्या खोलीत असला तरी हेडमास्तरांना ऑफिसात बसून माझे पाढे ऐकू येतात, असं ते चारचौघांत सांगतात. ते कौतुक नसतं हे कळायला मला दोन वर्षं लागली. घरीही तेच. हेमंत, म्हणजे माझा नवरा, मोखाड्याला पंचायत समितीत क्लार्क. तो दिवसभरात चार वाक्यं बोलतो, उरलेली मी बोलते. बोलणाऱ्याची बोरं खपतात म्हणतात ना, तशी माझी आजवर खपत आली. पण आज सांगायचंय ते पुतळीबद्दल, आणि पुतळी हेमंतपेक्षाही कमी बोलायची.

ती आमच्याकडं आली दोन हजार एक सालच्या जूनमध्ये. जव्हारला आम्ही दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. मैथिली दीड वर्षाची होती. आज शेजारणीकडं ठेव, उद्या सासूबाईंना साखरशेतहून बोलाव, अशी माझी तारांबळ चाललेली. एका सकाळी दारात एक बारीक बाई उभी. लुगडं गुडघ्यापर्यंत, केस चापून बांधलेले, पाय अनवाणी. म्हणाली, "पोर बघायला बाई पाहिजे ना तुम्हाला? मी बघन." मी चार ठिकाणी सांगून ठेवलं होतं. त्यातल्याच कोणी पाठवली असेल असं धरून मी विचारलंही नाही. पाडा वावर गावाच्या पलीकडचा, नवऱ्यानं भिवंडीला दुसरी बायको केलेली, आणि ही जव्हारच्या कडेला आपल्या बहिणीकडं, सोमीकडं राहायची. मूलबाळ विचारलं तर म्हणाली, "एक होता. जिव्या. त्या सालात गेला."

त्या सालात म्हणजे कुठल्या, हे आमच्याकडं कोणाला फोड करून सांगावं लागत नाही. ब्याण्णव साल. त्या बाजूला उपासमारीनं लेकरं गेली ते साल. मी तिला चहा दिला.

कामाला बाई सोन्यासारखी. मैथिलीला न्हाऊमाखू घालणं, मऊ भात कालवून भरवणं, दुपारी झोळीत घालणं, सगळं जिथल्या तिथं. ती घरी आपल्या बोलीत बोलायची आणि माझ्याशी मात्र जपून, एकेक शब्द निवडून मराठी बोलायची. मशेरी लावायची नाही, हे मला फार आवडलं होतं. आमच्याकडं बायांना सकाळी उठल्याउठल्या मशेरी लागते. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईस्तोवर भाजायचं, चुरायचं, आणि उंबऱ्यावर बसून बोटानं दातांना, हिरड्यांना घासत राहायचं. माझी आई लावायची, सासूबाई लावतात. पुतळीच्या वयाची आणि मशेरी न लावणारी बाई मी दुसरी पाहिली नव्हती. मी शेजारणींना कौतुकानं सांगायचे, बघा, पाड्यावरची बाई आहे पण वळण बघा!

पण तिच्या काही खोडी अशा होत्या की माझं डोकं फिरायचं. पोर भुकेनं रडायला लागलं की कुठलीही बाई लगबगीनं काहीतरी तोंडात घालेल. ही आधी थांबायची. डोळे मिटून ऐकायची. मैथिली बेंबीच्या देठापासून ओरडतेय आणि ही दाराला टेकून गालात हसतेय, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. "अगं, भरव ना तिला!" म्हटलं की म्हणायची, "भरवते बाई. रडते ना, चांगलं हाय." आणि मूल गाढ झोपलं की हिचा जीव थाऱ्यावर नसायचा. दर घटकेला झोळीशी जायची, वाकायची, पोरीच्या तोंडाशी नाक न्यायची. श्वास घेतेय का ते बघत असेल, असं मला वाटायचं. तसं नव्हतं. ती तोंडाचा वास घ्यायची. हुंगून हुंगून घ्यायची. मग तिच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरायचा आणि ती पुन्हा कामाला लागायची.

एकदा मी हेमंतला म्हटलं, "मला भीती वाटते हो. त्या बाईच्या मागं काहीतरी आहे."

"कोणाच्या मागं नसतं?" हेमंत म्हणाला. त्याची त्या दिवसाची चार वाक्यं आधीच संपली होती बहुधा, कारण पुढं तो काही बोलला नाही.

पुढच्या पावसाळ्याआधीच, म्हणजे मैथिली दोन वर्षांची झाली त्या हिवाळ्यात, तिचे वरचे पुढचे दात काळे दिसायला लागले. आधी मला वाटलं काही खाल्लं असेल. पदरानं पुसलं, जाईना. तेव्हा दर गुरुवारी नाशिकहून एक दातांची डॉक्टरीण जव्हारला यायची. तिनं पोरीचा ओठ वर केला आणि मला विचारलं, "रात्री बाटली देता का? साखर घालून?" देत होते. दोन चमचे. पोर झोपायची पटकन. "दात कधी घासलेत हिचे?" तिनं विचारलं. दुधाचे दात तर पडणारच आहेत, त्यांना काय घासायचं, असा माझा हिशोब. मी ते बोलून दाखवलं तशी ती म्हणाली, "तुम्ही शिक्षिका ना हो?" लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! रोज वर्गात नखं आणि दात तपासणारी मी, माझ्याच पोरीचे दात किडले. मला इतकी लाज वाटली की मी तिची फी देताना तिच्याकडं पाहिलं नाही. ती म्हणाली, सकाळ-संध्याकाळ घासायचे, पावडर नको, मऊ ब्रश, आणि पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, त्याहून जास्त नाही, कारण एवढी मुलं थुंकत नाहीत, गिळतात. अजून दोन दात वाचतील, बाकीचे बघू.

मग आमची पेस्टची निवड सुरू झाली. दुकानदारानं काउंटरवर दुकानच मांडलं. पांढरी पेस्ट, जी आम्ही दोघं वापरायचो. ती मैथिलीच्या जिभेला लावली तर तिनं असं तोंड केलं की जणू मी मिरची लावली. लाल दंतमंजन, लवंगेच्या वासाचं. ते सासूबाईंच्या पसंतीचं, पण पावडर म्हणून बाद. निळ्या रंगाची जेल, ती डोळ्यांनाच गार वाटत होती. शेवटी एक लहान ट्यूब निघाली, लहान मुलांची, गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या वासाची. आमच्या जव्हारात तेव्हा स्ट्रॉबेरी कोणी खाल्लेली नव्हती. किमतीत मोठ्या माणसांच्या दोन आल्या असत्या. हेमंतनं नुसतं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "बघू नका, पैसे द्या."

घरी आल्यावर मी ती ट्यूब पुतळीच्या हातात दिली आणि सगळं समजावलं. माझी साडेसातची एसटी. ती चुकली की साडेदहापर्यंत दुसरी नाही, आणि मैथिली उठते आठला. तेव्हा रात्रीचे दात मी घासणार, सकाळचे तिनं. पुतळीनं झाकण उघडलं. वास घेतला. बोटावर इवलीशी पेस्ट घेतली आणि स्वतःच्या जिभेला लावली. मग भिंतीला पाठ लावून बसून राहिली. मी स्वयंपाक केला, भांडी आवरली, तरी ती तशीच, आपल्या अंगात काही होतंय का याची वाट बघत बसल्यासारखी. अर्ध्या तासानं उठून म्हणाली, "बरं हाय हे." मी मनात म्हटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

कुठलं न्हायला! आठ दिवसांनी बघते तर ट्यूब जिथल्या तिथं. रात्री मी वापरायचे तेवढीच कमी झालेली. दुपारी घरी आल्यावर ब्रश हातात घेतला की ओला असायचा, पण नुसता पाण्याचा ओला. वास नाही काही नाही. ती बाई रोज ब्रश पाण्यात बुडवून ठेवत होती, माझ्या डोळ्यांत धूळ फेकायला! विचारलं तर खाली मान. दम दिला तर, "उद्या लावते बाई." दुसऱ्या दिवशी तेच. मग तिनं ब्रश ओला करायचंही सोडलं. कोरडा ठणठणीत ब्रश पेल्यात उभा. तोवर पोरीच्या तिसऱ्या दातावर काळी रेघ आली.

हेमंत म्हणाला, "तूच उठव ना सकाळी लवकर. घास आणि जा."

त्यात काय अवघड होतं? काहीच नव्हतं. पण मला तेव्हा ते पटलं नाही. एक साधं काम सांगितलंय, तेवढं का करू नये? पोरीच्या तोंडात भाताचा घास घालते, मग ब्रश घालायला हिच्या हाताला काय होतं? माझा हट्ट पेटला की तो पेटतोच. आता वाटतं, त्या दहा मिनिटांसाठी मी लवकर उठले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मग मला काही कळलंही नसतं.

फेब्रुवारीतली गोष्ट. शाळेच्या गावात एक म्हातारं माणूस वारलं म्हणून शाळा बाराला सुटली. मी एकच्या सुमारास घरी पोचले. दार लोटलेलं. आत मैथिली झोळीत झोपलेली आणि पुतळी तिला गदागदा हलवतेय. "उठ पोरी, उठ. रड ना. रड." पोर डोळे उघडेना तशी तिनं एका हातानं तिची हनुवटी खाली ओढली, बोट तोंडात घालून हिरडीवरून फिरवलं, आणि ते बोट स्वतःच्या नाकाशी नेलं.

मी किंचाळले. मैथिली दचकून उठली आणि रडायला लागली. मी झेप घेऊन पोरीला उचललं. "काय लावलंस तिला? बोल! म्हणून झोपते का ही दुपारभर? मशेरी लावतेस माझ्या पोरीला?"

आमच्याकडं असं करणाऱ्या बाया असतात, मला माहीत होतं. दात येताना पोर किरकिर करतं, भूक भूक करतं, तेव्हा बोटभर मशेरी हिरडीला चोळली की ते गुंगून पडतं. पुतळीचा चेहरा राखेसारखा झाला. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं! उचलली जीभ लावली टाळ्याला, अजून काय काय बोलले ते सगळं इथं लिहवत नाही. शेवटी म्हणाले, "तुझं गेलं, आता माझं घालवायला आलीस का?"

ती वळली. मोरीत गेली. चुलीतली राख घेऊन तिनं ते एक बोट घासलं, घासलं, पाणी घेतलं, पुन्हा घासलं. मग हात न पुसता तशीच दाराबाहेर पडली. मैथिली तिच्या मागं हात करून रडत होती.

मी पोरीचं तोंड उघडून पाहिलं. हिरड्या गुलाबी. वास दुधाचा. काही नव्हतं. तरी माझा राग उतरला नाही, कारण रागावलेल्या माणसाला आपण चुकलो हे सगळ्यात शेवटी कळतं.

पुतळी चार दिवस आली नाही. मी सासूबाईंना साखरशेतहून बोलावून घेतलं. रविवारी सकाळी मी भाकरी थापत होते. सासूबाई चहा पिऊन उंबऱ्यावर मशेरी लावत बसलेल्या, मैथिली त्यांच्या मांडीत, दाढ येतेय म्हणून सारखी तोंडात मूठ घालून कुरकुरणारी. मी सहज मान वर केली. सासूबाईंनी आपल्या तोंडातलं बोट काढलं, डबीत बुडवलं, आणि गोड आवाजात "आ कर गं माझी बाय" म्हणत ते बोट पोरीच्या तोंडाकडं नेलं.

"आई!" माझा आवाज साऱ्या आळीनं ऐकला असेल.

त्या दचकल्या. मग त्यांनाच राग आला. "काय झालं एवढं ओरडायला? दाढ येतेय तिची. जरा बरं वाटेल. तुझा नवरा असाच वाढला. हो की नाही रे हेमंत?"

हेमंत पेपर खाली ठेवून उभा राहिला. त्यानं आईच्या मांडीवरून मैथिलीला उचललं. मला म्हणाला, "पुतळीला आण. आत्ता जा."

मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून निघाले. माझ्या घरातल्या गोष्टीचा आळ मी दुसऱ्याच बाईवर घातला होता. माफी मागायची, तिला घेऊन यायचं, विषय संपवायचा, एवढंच मनात होतं.

सोमीच्या झोपडीसमोर पुतळी उन्हात बसून वालाच्या शेंगा सोलत होती. सोमी कामावर गेलेली. मला बघून ती उठली नाही, पण गोणपाट सरकवून जागा केली. मी बसले. म्हटलं, "पुतळे, चुकलं माझं. मला तसं बोलायला नको होतं." तिनं मान हलवली. शेंगा सोलणं चालूच. मी म्हटलं, "एक सांग. सगळं करतेस पोरीचं. दातच का नाही घासत?"

तिनं आणखी दोन शेंगा सोलल्या. मग शेंगांकडं बघतच बोलायला लागली. तिचं बोलणं तुटक होतं, मधेच ती आपल्या बोलीत जायची, पण मला सगळं कळत होतं.

त्या पावसात घरातलं धान्य संपलं होतं. कडूकंद आणायचे, रात्रभर ओहोळाच्या पाण्यात ठेवून कडूपणा काढायचा, उकडून खायचे. जिव्या दीड वर्षाचा. दात येत होते. पाड्यावर एकदा शाळेतली बाई आली, कुठल्यातरी लांबच्या शाळेतली. तिनं सगळ्या आयांना बोलावलं, दातांचं मोठं चित्र दाखवलं. म्हणाली, पोरांचे दात रोज घासायचे, सगळा रोग तोंडातून पोटात जातो. एका बाईनं विचारलं, कशानं घासायचं? ती म्हणाली, तुम्ही ज्यानं घासता त्यानंच. थोडं बोटावर घ्या आणि लावा.

"आमी मशेरी लावायच्या," पुतळी म्हणाली. "दुसरं काय व्हतं घरात?"



ती बाई मी होते. एक्क्याण्णवला नोकरीला लागले तेव्हा माझी पहिली शाळा त्या बाजूलाच होती. दुसऱ्या वर्षी स्वच्छतेचा सप्ताह आला आणि मला आसपासच्या पाड्यांवर जाऊन मातांना माहिती सांगायची होती. मी बावीस-तेवीस वर्षांची. छत्री, दातांचा तक्ता आणि बुटात शिरलेला चिखल. त्या पाड्यावर एका ओसरीत बाया अंग चोरून बसलेल्या, काखेला पोरं. मी माझ्या मोठ्या आवाजात सगळं सांगितलं. कशानं घासायचं, असं कोणीतरी विचारलं खरं. त्यांच्या हिरड्या मला दिसत होत्या. माझी आई कशानं दात घासते हे मला माहीत होतं. पण चारची एसटी होती आणि मला अजून एक पाडा करायचा होता. उत्तर दिल्याशिवाय सोडायचं नाही ही माझी सवय, म्हणून तोंडाला आलं ते उत्तर दिलं. अहवालात मी लिहिलं, माता उत्साहाने उपस्थित होत्या. पुढं लेकरं गेल्याचं कळलं, जीपा आल्या, मोठमोठी माणसं आली, तेव्हा मी हळहळले. रडलेसुद्धा. पण त्या तक्त्याचा आणि त्या लेकरांचा काही संबंध असेल, असं एकदाही मनात आलं नाही.

पुतळी सांगतच होती. पहिल्या दिवशी जिव्या ओकला. दुसऱ्या दिवशी रडला. मग त्याला सवय लागली. सकाळी लावली की तो डोळे अर्धे मिटून पडून राहायचा. भाकरीसाठी तिच्या पदराला धरून ओढायचा तो ओढेना. तिला वाटलं, बाईंनी सांगितलं ते चांगलं झालं, पोर शांत झालं. मग ती दुपारीही लावायला लागली. मग ताप आला, पोट बिघडलं.

"रडला नाय तो," पुतळी म्हणाली. "शेवटच्या दिवसांत भूक लागली म्हणून रडला नाय. रडला असता तर मी गेले असते ना कुणाच्या दारी. मागितलं असतं. ज्याच्याकडं व्हतं त्याच्याकडून आणलं असतं. तो गप व्हता, तर मी पण गप."

शेंगांची साल तिच्या बोटांत तशीच राहिली.  मनात आलं, उठून जावं. कोणाला कळणार आहे? तिला कुठं माहीत आहे? पण मग तिच्या बोटाकडं लक्ष गेलं. राखेनं घासून घासून त्याची कातडी सोलली होती. मी म्हटलं, "पुतळे, ती बाई मी होते."

"ठावं हाय," ती म्हणाली.

तिनं शेंगेची साल टाकली आणि पुढं सांगितलं.

"बाजारात बोलत व्हत्या तुम्ही एक दिस, पोर कडेवर घेऊन. आवाज वळखला. मंग लोकांना विचारलं, कुठं राहते ती बाई. तुम्हाला माणूस पाहिजे असं सांगितलं कोणी तरी. म्हणून आले."

"कशाला आलीस?" माझा आवाज मलाच ऐकू येईना.

"बघायला. तुम्ही तुमच्या पोरीला काय लावता ते."

त्यात राग नव्हता. टोमणा नव्हता. तो असता तर मला बरं झालं असतं, मी भांडले असते, नाहीतर पाया पडले असते. ती खरंच बघायला आली होती. आठ महिने तिनं माझ्या घरात पाहिलं. पोरीला दुधात साखर घालून पाजणारी, दात किडू देणारी, आणि दात काळे पडल्यावर जव्हारभर फिरून गुलाबी पेस्ट आणणारी आई तिनं पाहिली. मी म्हटलं, "माझी चूक होती. तुझी नव्हती. तू फक्त सांगितलेलं ऐकलंस."

"सांगितलं तुम्ही. लावली मी," ती म्हणाली. "बोट माझं."

मग तिनं पहिल्यांदाच मान वर करून माझ्या डोळ्यांत पाहिलं. "एक विचारू बाई? दहा वर्षं झाली, कोणाला विचारलं नाय. मी ती लावली नसती, तर राहिला असता का तो? तुम्ही शिकलेल्या. तुम्ही सांगा."

आता खरं सांगायचं तर मला काय माहीत होतं? त्या पावसात मशेरी न लावलेली लेकरंही गेली, हे माहीत होतं. दीड वर्षाच्या उपाशी पोराला तंबाखू म्हणजे विष, हेही माहीत होतं. जिव्या कशानं गेला, तापानं, भुकेनं, की त्या बोटानं, हे सांगायला तिथं तेव्हा कोणी नव्हतं आणि आता तर कोणीच नव्हतं. मला माहीत नाही, एवढंच खरं उत्तर होतं. ते मी आयुष्यात कधी कोणाला दिलेलं नाही. आणि ती बाई माझ्याकडं अशी बघत होती की त्या उत्तरानं ती पुन्हा दहा वर्षं मागं गेली असती.

"नाही," मी म्हणाले. स्पष्ट, मोठ्यानं, वर्गात सांगते तसं. "मशेरीनं नाही गेला तो. तापानं गेला. तू लावली नसतीस तरी गेलाच असता. तुझ्या हातून काही झालेलं नाही."

ती बघत राहिली. माझ्या चेहऱ्यावर काही शोधत होती का, कोण जाणे. मी डोळे हलवले नाहीत. मग तिनं मान डोलावली. "बरं," म्हणाली. आणि रडायला लागली. असं रडणं मी कुणाचं ऐकलं नव्हतं. मी तिला जवळ घेतलं आणि मीही रडले, पण आम्ही दोघी एकाच गोष्टीसाठी रडत नव्हतो.

सोमवारी ती सकाळी सातलाच आली. मी निघायच्या घाईत, मैथिली त्या दिवशी लवकर उठून बसलेली. तिनं पेल्यातला ब्रश उचलला, तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट घेतली, आणि मैथिलीला मांडीवर आडवी घेऊन तिची हनुवटी हळूच खाली केली. पोरीनं आ केला.  तिनं एकेक दात घासला, पुढचे, मागचे, काळे, पांढरे, सगळे. मैथिली स्ट्रॉबेरी चाटत खिदळत होती. माझी साडेसातची एसटी त्या दिवशी गेली.

त्यानंतर मैथिली शाळेत जाईपर्यंत सकाळचे दात तीच घासायची. दुपारी पोर झोपलं की पुतळीही झोळीची दोरी हातात धरून डुलकी काढायची. चेहरा भरला तिचा. मी हेमंतला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "चांगलं केलंस." मलाही तसंच वाटायला हवं. कधीकधी वाटतंही. पण मग आठवतं, त्या ओसरीत पावसात तिनं मला 'हे कशावरून?' असं विचारलं नव्हतं. इथंही नाही विचारलं. आणि मीही दोन्ही वेळा तशीच बोलले, माहीत नसताना, खात्रीनं.

पुतळी दोन हजार आठच्या थंडीत गेली, छातीचं दुखणं होऊन. मी भेटायला गेले तेव्हा सोमी दारात बसली होती. म्हणाली, "शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायची हो. माझ्या हातानं नाय गेला जिव्या. शाळेतल्या बाईंनी सांगितलंय." ती हे कौतुकानं सांगत होती, माझा हात धरून. मी मान हलवली. ते खरं होतं का, मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही.